तिसऱ्या पायरीवरचं वर्ष

ब्लॅकबर्नमधल्या फुटबॉलवेड्या घरांना ७ मे ही तारीख नकोशी वाटत असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. २०१२ साली याच तारखेला त्यांचा क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, घरच्या मैदानावर विगनकडून एका गोलने हरला आणि प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या निळ्या-पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पाच वर्षांनी पुन्हा ७ मे उजाडली. आता संघ एक पायरी खाली, चॅम्पियनशिपमध्ये होता. शेवटच्या सामन्यात तो ब्रेंटफर्डला जाऊन ३-१ असा जिंकला, आणि तरी खाली गेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही तेवढेच ५१ गुण झाले होते, आणि गोलफरकात ते दोनने पुढे होते. नऊ महिने, ४६ सामने, आणि सगळा हिशेब दोन गोलांवर मिटला.

हरून खाली जाण्यात निदान शोक करायची सोय असते. जिंकून खाली गेलेल्या माणसाने काय करावं? त्या दिवशी ब्रेंटफर्डच्या मैदानावर ब्लॅकबर्नहून आलेली माणसं स्वतःच्या संघाचे गोल बघत होती आणि मोबाइलवर इतर मैदानांवरचे निकाल. तिकडे फॉरेस्टने इप्सविचला तीन गोल मारले. सामना संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की डोकं धरून बसायचं, हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागला असणार.

इंग्लिश फुटबॉलची उतरंड माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वर प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिपचे २४, त्याखाली लीग वनचे २४, मग लीग टूचे २४, आणि त्याखाली गावोगावच्या छोट्या लीगांच्या पायऱ्या थेट शेतातल्या मैदानांपर्यंत. लीग वन नावाची लीग प्रत्यक्षात तिसरी आहे. हे नामकरण कुणी केलं त्याला एकदा सदाशिव पेठेत पाट्या लिहायला बोलवलं पाहिजे. दर वर्षी तळाचे काही क्लब खाली येतात, माथ्यावरचे वर जातात. लीग वनमधून पहिले दोन थेट चढतात, आणि पुढचे चार एका जागेसाठी आपसात भांडतात.

या तिसऱ्या पायरीवर ब्लॅकबर्न शेवटचं होतं ते १९८० साली. मधल्या काळात काय घडलं ते कुणीही सांगेल. जॅक वॉकर नावाच्या, पोलादाच्या धंद्यात पैसा केलेल्या गावच्याच माणसाने क्लबमध्ये स्वतःची संपत्ती ओतली. केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक म्हणून आला, अ‍ॅलन शिअररने एका हंगामात ३४ गोल मारले, आणि १९९५ च्या मे महिन्यात सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं हे गाव मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून इंग्लंडचं विजेतं झालं. तेही शेवटचा सामना लिव्हरपूलकडे हरून, कारण त्याच वेळी युनायटेडला वेस्ट हॅमकडे बरोबरीच्या पुढे जाता आलं नाही. म्हणजे हा क्लब हरून विजेता झाला आणि जिंकून घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर उतरण्याची इंग्लंडमधली ती पहिलीच वेळ.

आता कोंबडीचं. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना विकला गेला, आणि विकत घेणारे होते पुण्याचे व्यंकीज. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेत सुरू केलेला आणि पुढे पुण्यात स्थिरावलेला हा उद्योगसमूह. त्यांच्यानंतर अनुराधा देसाई आणि त्यांचे दोघे भाऊ तो चालवतात. महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना या समूहाची ओळख करून द्यावी लागत नाही. शेडमधली पिल्लं, खाद्य, लस यांतलं काहीतरी तिथूनच आलेलं असतं. त्या बातमीनंतर एका मित्राच्या वडिलांकडे दौंडकडे गेलो होतो. त्यांच्या दोन शेड आहेत. त्यांना म्हटलं, “अण्णा, तुमच्या पिल्लांच्या कंपनीने इंग्लंडात फुटबॉलचा क्लब घेतलाय.”

अण्णांनी विचारलं, “पक्षी किती?”

“पक्षी नाहीत अण्णा. खेळाडू. पंचवीस-तीस.”

“मग खाद्य महाग असणार,” अण्णा म्हणाले आणि ड्रिंकर बघायला आत गेले.

त्यानंतरच्या सात वर्षांचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. खाद्य महागच होतं. पोल्ट्रीत एका किलो वजनासाठी किती खाद्य गेलं यावर माणूस जगतो किंवा बुडतो. क्लबात पैसा जात राहिला आणि वजन भरेना. व्यंकीजनी आल्या आल्या महिन्याभरात व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. संघ खेळायला उतरण्याआधी ड्रेसिंगरूममध्ये चिकन खातो, अशी जाहिरात निघाली, आणि ती देशभर हसण्याचा विषय झाली. २०१२-१३ च्या एका हंगामात प्रभारी धरून पाच जणांनी संघ सांभाळला. त्यातले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले आणि मायकल अ‍ॅपलटन ६७. चांगले खेळाडू विकले गेले. लोकांनी मोर्चे काढले, सीझन तिकीट घेणं सोडलं. एका सामन्याला तर ठरवून अठराव्या मिनिटाला आत गेले आणि पंचाहत्तराव्याला बाहेर पडले, कारण क्लबचा जन्म १८७५ चा. हा निषेध मला फार आवडला. घोषणेपेक्षा इतिहासाचा आकडा वापरणं जास्त बोचतं.

पुण्यात बसून हे वाचताना अवघडल्यासारखं व्हायचं. मी क्लबचा मालक नाही, मालकांशी माझा काही संबंध नाही, पण आपल्या गावचं नाव सातासमुद्रापार संतापाने घेतलं जातं हे कळल्यावर माणूस उगाच घसा खाकरतो. मी ब्लॅकबर्नचे सामने पाहायला लागलो त्यात कुतूहल किती आणि ही उगाचची शरम किती, याचा हिशेब मला कधी लागला नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात क्लबचे व्यवस्थापक होते टोनी मोब्रे. फेब्रुवारीत आले होते, संघ वाचवायला, आणि तो वाचला नव्हता. अशा वेळी इंग्लंडात व्यवस्थापकाची बॅग साधारणपणे दाराशी भरून ठेवलेली असते. या वेळी तसं झालं नाही. मोब्रे राहिले, आणि माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच होता. सात वर्षं माणसं बदलत राहिलेल्या क्लबने एकदाचं काही न बदलण्याचं ठरवलं.

मोब्रे हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. १९८६ साली मिडल्सब्रो क्लब दिवाळखोरीत निघाला, मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि तिसऱ्या पायरीवरच्या त्या संघाला हंगामाचा पहिला घरचा सामना शेजारच्या हार्टलपूलच्या मैदानावर खेळावा लागला. त्या संघाचा कप्तान बावीस वर्षांचा मोब्रे होता. पुढच्या दोन हंगामांत लागोपाठ दोन पायऱ्या चढून मिडल्सब्रो वर गेला. तिथले त्यांचे व्यवस्थापक ब्रूस रिओक म्हणायचे की चंद्रावर जायची वेळ आली तर सोबतीला मोब्रे हवा. त्यावरून मिडल्सब्रोच्या पाठीराख्यांच्या मासिकाचं नाव पडलं. तिसरी पायरी कशी दिसते आणि तिच्यावरून वर कसं चढतात, हे या माणसाने गुडघ्यांनी अनुभवलेलं होतं.

हंगाम सुरू झाला आणि पहिले दोन्ही सामने हरले. ५ ऑगस्टला साउथएंडकडे २-१, आठवड्याने घरच्या मैदानावर डॉनकास्टरकडून ३-१. ज्यांना वाटलं होतं की माजी विजेते आहोत, ही लीग तर सहज जिंकू, त्यांचं बोलणं पंधरवड्यात बंद झालं. मला स्वतःला त्या दोन पराभवांनी हा हंगाम जवळचा केला. तोवर मी निकाल बघायचो. त्यानंतर सामने बघायला लागलो.

यात परीकथा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ब्लॅकबर्नचा खर्च त्या लीगमधल्या बहुतेकांपेक्षा जास्त होता. ब्रॅडली डॅक नावाचा आक्रमक मिडफिल्डर जिलिंगहॅमकडून साडेसात लाख पौंडांना आणला, असं त्या वेळी छापून आलं. तिसऱ्या पायरीवर ती रक्कम मोठी समजली जाते. परीकथा होती ती श्रूजबरीची. त्यांना सगळ्यांनी खाली जाणाऱ्यांत धरलं होतं, आणि ते पहिले पंधरा लीग सामने हरलेच नाहीत. हंगामाचा बराच काळ विगन, श्रूजबरी आणि ब्लॅकबर्न असे तिघे दोन जागांसाठी धावत होते. तटस्थ माणसाने श्रूजबरीच्या बाजूने असायला हवं होतं. मी तटस्थ नव्हतो.

डॅक हा बघायला मजेदार खेळाडू. धावताना फार वेगवान नाही, उंची बेताची, पण चेंडू पेनल्टी बॉक्समध्ये जिथे पडणार तिथे हा आधीच पोचलेला. लीगमध्ये १८ गोल आणि त्या वर्षीचा लीग वनचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यापुढे डॅनी ग्रॅहम, तिशी ओलांडलेला, प्रीमियर लीगमध्ये खेळून आलेला स्ट्रायकर. पाठीवर बचावपटू घेऊन उभं राहायचं आणि चेंडू धरून ठेवायचा, हे त्याचं काम. जानेवारीत न्यूकॅसलकडून अ‍ॅडम आर्मस्ट्राँग उसना आला आणि वेगाची उणीव भरून निघाली. गोलमध्ये होता डेव्हिड राया. आज आर्सेनलच्या गोलमध्ये दिसतो तोच. लीग वनच्या चिखलात तो पायाने पास देत बसायचा तेव्हा मैदानावरच्या म्हाताऱ्यांचा जीव वरखाली होत असणार.

पण या संघाचा कणा होता कप्तान चार्ली मलग्रू. ग्लासगोच्या सेल्टिककडून आलेला, स्कॉटलंडकडून खेळलेला बचावपटू, आणि डावा पाय असा की फ्री किक मिळाली की प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत चुळबुळ सुरू व्हायची. बचावाच्या मध्यावर खेळणाऱ्या या माणसाने लीगमध्ये १४ गोल केले. पेनल्टी, फ्री किक, कॉर्नरवरून हेडर, सगळ्या तऱ्हांनी. एवढे गोल एखाद्या स्ट्रायकरने केले तरी त्याचं वर्ष चांगलं गेलं म्हणतात.

मला मात्र त्या वर्षात खेळाडूंइतकंच त्या लीगच्या यादीने खिळवून ठेवलं. बरी, रोशडेल, ओल्डहॅम, विगन, ब्लॅकपूल, फ्लीटवुड. प्रीमियर लीगमध्ये असताना ब्लॅकबर्नचे सामने आर्सेनलशी, चेल्सीशी व्हायचे. खाली उतरल्यावर त्यांना स्वतःचे शेजारी परत भेटले. समुद्राकाठची दोन गावं सोडली तर बाकी सगळी सूतगिरण्यांच्या पट्ट्यातली. सूत कातण्याचं जेनी यंत्र काढणारा जेम्स हारग्रीव्हज ब्लॅकबर्नच्या वेशीवरचाच, आणि इंग्लिश फुटबॉल लीग १८८८ साली सुरू झाली तेव्हा तिच्या बारा क्लबांत ब्लॅकबर्न होतं. कामगारांना शनिवारी दुपारी सुटी मिळायला लागली, त्या सुटीतून हा खेळ या गावांत रुजला. त्याआधी इंग्लंडचं फुटबॉल हे बड्या शाळांत शिकलेल्या साहेबांचं. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या, याच गावातल्या दुसऱ्या एका संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना एफए कपच्या अंतिम सामन्यात हरवलं, आणि पुढची तीन वर्षं तो कप रोव्हर्सनेच नेला. ऑलिम्पिक लवकरच बंद पडला. रोव्हर्स राहिले.

या गिरण्यांचा आपल्याशी संबंध व्यंकीजच्या फार आधीचा. ब्लॅकबर्नचे माग ज्या बाजारासाठी चालायचे त्यात हिंदुस्थान मोठा होता. तिथे विणलेली धोतरं इथे खपायची. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस यायचा थांबला तेव्हा ब्लॅकबर्नच्या गिरण्या बंद पडून माणसं उपाशी राहिली. त्याच वेळी खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून दामदुपटीने निघाला, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबे कंपनीच्या शेअरांचा सट्टा झाला आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. आपली तेजी ही त्यांची उपासमार होती. सत्तर वर्षांनी उलटं झालं. आपल्या बहिष्काराने तिकडे माग थांबले, आणि १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये जाऊन राहिले, त्या बेकार कामगारांना भेटायला. गिरणीतल्या बायकांनी त्यांना गराडा घालून जल्लोष केलेला तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो तिथला. रोव्हर्सच्या मैदानाच्या, ईवूड पार्कच्या, मागून जी नदी वाहते तिचंही नाव डार्वेनच.

एवढं सगळं झाल्यावर पुण्याहून कुणीतरी जाऊन तो क्लब विकत घेतो, याला इतिहासाने केलेली फिट्टंफाट म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. गिरणीवाल्यांचं देणं गिरणीवाल्यांच्या नातवंडांकडून, तेही त्यांच्या शनिवारच्या दुपारींतून वसूल करण्यात न्याय कसला?

हंगामाकडे येतो. ऑक्टोबरच्या मध्यात ओल्डहॅमला हरले, आणि त्यानंतर संघाने हरणंच जवळजवळ सोडून दिलं. ४६ सामन्यांत सहा पराभव, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या अडीच महिन्यांतले. हिवाळ्यात इंग्लंडातल्या दुपारी तीनचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतो. घरात मालिका चालू असताना मी कानाला इअरफोन लावून समालोचन ऐकायचो, आणि “काय झालं?” या प्रश्नाला “जिंकले” असं उत्तर देण्याची मला सवय लागली. ही सवय फार वाईट. प्रीमियर लीगमध्ये तळाशी असलेल्या क्लबचा पाठीराखा बरोबरीवर खूश होतो. जो क्लब तीन पायऱ्यांवरून हे सगळं बघून आलाय त्याच्या माणसांना शनिवारी जिंकायची अपेक्षा ठेवण्याची चैन कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. मी तर म्हणेन की २०१७-१८ चं ते वर्ष ब्लॅकबर्नच्या माणसांना प्रीमियर लीगमधल्या शेवटच्या दोन वर्षांपेक्षा जास्त सुखाचं गेलं. श्रीमंत वस्तीत भाड्याने राहून रोज घरमालकाला घाबरण्यापेक्षा हे बरं.

मार्चमध्ये अण्णांचा फोन आला होता, त्यांच्या कामासाठी. शेवटी त्यांनी आपणहून विचारलं, “त्या क्लबचं काय?”

म्हटलं, “सावरलाय अण्णा. हरत नाहीये.”

“म्हणजे मरतूक थांबली,” ते म्हणाले. “आता वजन भरेल.”

२४ एप्रिल २०१८, मंगळवार. डॉनकास्टरला सामना. जिंकलं तर बढती पक्की. ऑगस्टमध्ये ज्यांनी घरात येऊन तीन गोल मारले होते त्यांच्याच मैदानावर. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा मध्यरात्रीचे सव्वाबारा वाजले होते. हा सामना मी पैसे भरून इंटरनेटवर बघितला. चित्र एकाच कॅमेऱ्याचं, मधूनच अडकणारं, आणि खेळही फार सुंदर नव्हता. पाहुण्यांचा स्टँड ब्लॅकबर्नच्या माणसांनी भरलेला दिसत होता. ही सगळी मंडळी कामाच्या दिवशी संध्याकाळी पेनाइन डोंगर ओलांडून आलेली. पहिला अर्धा भाग ०-०. दुसऱ्या भागातही वेळ सरत चालला. तिकडे दहा-एक मिनिटं उरली असताना, आपल्याकडे दोनच्या सुमाराला, मलग्रूने गोल केला. कप्तानाने, बचावपटूने, त्यानेच. चित्र नेमकं तेव्हा अडकलं नाही, एवढे उपकार.

उरलेली मिनिटं कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. असे सामने पाहिलेल्यांना माहीत आहे आणि न पाहिलेल्यांना पटणार नाही. शिटी झाली आणि त्या स्टँडवरून माणसं मैदानात उतरली. मी बघत होतो ते वयस्कर लोकांकडे. साठीचे, सत्तरीचे. यांनी १९९५ मध्ये आपला संघ इंग्लंडचा विजेता झालेला पाहिला होता. मोठ्या स्पर्धा, मोठी नावं, सगळं पाहून झालं होतं. आणि आता हे लोक तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढल्याबद्दल, तेही पहिल्या नव्हे, दुसऱ्या क्रमांकाने, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. विगन ९८ गुणांनी पहिलं आलं, ब्लॅकबर्न ९६ ने दुसरं. श्रूजबरी तिसरं राहिलं आणि उरलेल्या एका जागेसाठी वेम्बलीला झालेल्या शेवटच्या सामन्यात रॉदरहॅमकडून हरलं. मागच्या वर्षी जे तीन क्लब मिळून चॅम्पियनशिपमधून पडले होते, विगन, ब्लॅकबर्न आणि रॉदरहॅम, तेच तिघे पुन्हा वर गेले. खर्चाने मोठे असलेले जिंकले, आणि परीकथा वेम्बलीच्या गवतावर संपली. श्रूजबरीबद्दल मला आजही वाईट वाटतं, पण फार नाही.

व्यंकीजविषयी मला सरळ मत बनवता आलेलं नाही, आणि त्या हंगामाने ते आणखी अवघड केलं. सुरुवातीच्या वर्षांतले निर्णय वाईट होते, त्यांतले काही हास्यास्पद होते, आणि दूर बसून मौन पाळण्याची पद्धत लोकांना अपमानासारखी लागली, यात शंका नाही. पण तोटा दर वर्षी कोट्यवधी पौंडांत होत राहिला आणि पुण्याहून पैसे जात राहिले. डॅकसाठी दिलेला पैसा त्यांचाच. मोब्रेला न काढण्याचा निर्णयही त्यांचाच. शिव्या खाल्ल्यावर हात झटकून निघून जाणारे मालक इंग्लंडने भरपूर पाहिले आहेत. हे निघून गेले नाहीत.

त्या एका हंगामातल्या शेजाऱ्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं की हा मुद्दा जड होत जातो. विगन २०२० च्या जुलैमध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेलं. ओल्डहॅम, जे एके काळी प्रीमियर लीगमध्ये खेळलं होतं आणि ज्यांनी त्या ऑक्टोबरात ब्लॅकबर्नला हरवलं होतं, ते २०२२ मध्ये चारही व्यावसायिक पायऱ्यांच्या खाली घसरलं. प्रीमियर लीग खेळलेल्या क्लबावर ही वेळ पहिल्यांदाच आली. आणि बरी. १८८५ सालचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ मध्ये ते लीग वनच्या तळाला गेले. पुढच्याच वर्षी लीग टूमधून त्यांनी बढती मिळवली. तिथेही खेळाडू नाचले असतील, म्हातारे रडले असतील. त्या बढतीनंतर चार महिन्यांत, २७ ऑगस्ट २०१९ ला, पैशांची हमी देता न आल्यामुळे लीगने त्यांना हाकललं. मिळवलेल्या पायरीवर ते एकही सामना खेळले नाहीत.

आणि पुणं? ब्लॅकबर्नचा संघ ऑक्टोबर २०११ मध्ये बालेवाडीला आला होता, पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळायला. मी स्टँडमध्ये होतो. आजूबाजूला बरीचशी पोरं ब्लॅकबर्नचे खेळाडू बघायला आलेली, पण थोडी मंडळी पुणे एफसीसाठी घसा फोडत होती, आणि त्यांच्याकडे बघून बरं वाटत होतं. पुणे एफसी २००७ सालचा क्लब, दुसऱ्या पायरीवरून बढती मिळवून आय-लीगमध्ये आलेला. २०१२-१३ मध्ये तर तो लीगमध्ये दुसरा आला. २०१५ नंतर त्याचा मुख्य संघ बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स आले, दोन हंगाम खेळले, गेले. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये पाच हंगाम खेळला, आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. एवढ्या मोठ्या या शहराच्या मालकीचा एक इंग्लिश क्लब आहे. स्वतःचा म्हणावा असा वरच्या लीगमधला एकही क्लब त्याला धरून ठेवता आलेला नाही. बालेवाडीत ओरडणारी ती पोरं आता तिशी-चाळिशीत असतील. त्यांनी पुढे कुणासाठी ओरडावं, याची सोय या शहराने केली नाही.

बढतीनंतर ब्लॅकबर्न कित्येक वर्षं दुसऱ्या पायरीवर टिकून राहिलं. एखाद्या वर्षी वर जाण्याच्या आशेत, एखाद्या वर्षी खाली पडण्याच्या धाकात. डॅकचा गुडघा दोनदा गेला. मोब्रे २०२२ मध्ये गेले. प्रीमियर लीगचं दार अजून दूर आहे, आणि पाठीराख्यांची मालकांबद्दलची तक्रार पुन्हा पूर्वीसारखीच धारदार झाली आहे.

बरीच्या लोकांनी मात्र मधल्या काळात आपला क्लब पुन्हा उभा केला. २०२३ पासून तो गिग लेन या आपल्या जुन्या मैदानावर खेळतो, पूर्वीपेक्षा कितीतरी पायऱ्या खाली, आणि तिथेही त्याला प्रेक्षक हजारोंनी येतात. मी शनिवारी ब्लॅकबर्नचा निकाल बघतो आणि मग बरीचा शोधतो. तो सापडायला वेळ लागतो, कारण मोबाइलवर बोटाने बरंच खाली जावं लागतं.